संक्रांत पुढे का सरकते?

‘यंदा संक्रांत चौदाला की पंधराला?’ हा प्रश्न दरवर्षी महाराष्ट्रभर विचारला जातो, पण सोलापुरात त्याला जास्त वजन आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे या शहराचे ग्रामदैवत, आणि त्यांची गड्डा यात्रा भोगी, संक्रांत आणि किंक्रांत या दिवसांभोवती बांधलेली आहे. सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, हे सगळे सूर्याच्या एका हालचालीला जोडलेले आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत भिंतीवर किंवा देव्हाऱ्याशेजारी असणारे दाते पंचांगही याच गावातून निघते. नानाशास्त्री दाते यांनी १९१६-१७ च्या सुमारास ते सुरू केले. म्हणजे प्रश्न विचारणारे गाव हेच आणि उत्तर छापणारे गावही हेच. तरीही संक्रांतीविषयी जे सर्वसाधारणपणे सांगितले जाते त्यातले निम्मे बरोबर आणि निम्मे चूक असते. सूर्य त्या दिवशी मकर राशीत प्रवेश करतो, हे पंचांगाच्या हिशेबाने बरोबर. त्या दिवसापासून उत्तरायण सुरू होते, हे मात्र आकाशाला मान्य नाही.

आकाशाला काय मान्य आहे हे विचारण्यासाठी दुर्बिणीची गरज नाही. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जमिनीवर लंबात उभी करायची आणि भर माध्यान्हीची सावली मोजायची, एवढे पुरे. भर माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते आणि सोलापूर ७६ अंशांच्या किंचित अलीकडे आहे, त्यामुळे इथे सूर्य डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास आणि जानेवारीच्या मध्यावर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सर्वांत उंच येतो. सोलापूरचा अक्षांश १७ अंश ४० कला. २१-२२ डिसेंबरला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २३ अंश २६ कलांवर असतो, म्हणून त्या दिवशी मीटरभर काठीची सावली ८७ सेंटिमीटर पडते. वर्षातली ही सर्वांत लांब माध्यान्ह-सावली. १४ जानेवारीला तीच सावली ८१ सेंटिमीटर भरते. सूर्य त्या दिवशी उत्तरेकडे वळत असता तर संक्रांतीची सावली सर्वांत लांब हवी होती. प्रत्यक्षात ती सहा सेंटिमीटरने आखडलेली आहे, म्हणजे सूर्य तीन आठवड्यांहून अधिक काळ उत्तरेकडे सरकतोच आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीचे टोक धूसर पडते, आणि ही धूसर किनार दीडेक सेंटिमीटरची असते. शिवाय अयनाच्या, म्हणजे सूर्याच्या या वळणाच्या, आगेमागे पाच दिवसांत सावलीची लांबी जेमतेम तीन-चार मिलिमीटर बदलते. मग वळण २१ डिसेंबरलाच झाले आणि २६ ला नाही, हे काठीवरून कसे म्हणायचे? याचे उत्तर जुन्यांना ठाऊक होते: वळणाचा दिवस थेट पकडायला जायचे नाही, दोन्ही बाजूंच्या सारख्या सावल्या शोधायच्या. १४ जानेवारीला जेवढी सावली असते तेवढीच त्याआधी, सूर्य दक्षिणेकडे जात असताना, २८ नोव्हेंबरच्या सुमारास पडलेली असते. त्या दिवसांत सावली रोज पाचेक मिलिमीटर बदलते, त्यामुळे काही दिवसांची मोजमापे एकत्र धरली की गोंधळ उरत नाही. २८ नोव्हेंबर ते १४ जानेवारी हे ४७ दिवस. त्यांचा मध्य २१-२२ डिसेंबरला येतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त अयन ठरवण्यासाठी सूर्याच्या उदयास्ताच्या जागांवर खूण करण्याचा आणि वर्तुळात पडणाऱ्या सावलीचा उपाय सुचवला आहे. ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांत फरक पडला तर काय करायचे, हा प्रश्न त्याच्यापुढेही होता.

दुसरा आक्षेप जास्त मजेशीर आहे, कारण तो अनुभवावर उभा आहे. पहाटे उठणारा कोणीही सांगेल की डिसेंबर संपला तरी सकाळ काही लवकर होत नाही. उलट जानेवारीत अंधार जास्तच रेंगाळतो, आणि संक्रांत उलटल्यावरच उजाडण्याची वेळ अलीकडे यायला लागते. मग दिवस मोठा होण्याची सुरुवात संक्रांतीपासून होते असे लोक म्हणतात त्यात चूक काय? निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष अपुरा आहे. सोलापुरात २२ डिसेंबरला सूर्य सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी ५ वाजून ५७ मिनिटांच्या आसपास मावळतो. १४ जानेवारीला उदय सात वाजता होतो आणि अस्त ६ वाजून १० मिनिटांनी. उदय सात मिनिटांनी उशिरा गेला हे खरे, पण अस्त तेरा मिनिटांनी पुढे गेला. दिवस एकूण सहा मिनिटांनी वाढलेलाच आहे. हे घडते कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोहोंमुळे सूर्याची माध्यान्ह घड्याळाशी वर्षभर लपंडाव खेळते. डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत ती रोज काही सेकंद उशिरा येते. दिवसाचा मध्यच पुढे ढकलला जात असल्यामुळे वाढलेला सगळा उजेड संध्याकाळच्या पदरात पडतो आणि सकाळ रिकाम्या हाताने राहते. सोलापूरच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या १८-१९ तारखेच्या आसपास येतो. संक्रांतीशी त्याची जवळीक हा निव्वळ योगायोग आहे: श्रीनगरला हा दिवस आधी येतो, कन्याकुमारीला नंतर, आणि संक्रांत मात्र सगळीकडे एकच.

तर मग संक्रांत नेमकी कशाची खूण आहे? ती ताऱ्यांची खूण आहे. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे, म्हणजे क्रांतिवृत्ताचे, तीस-तीस अंशांचे बारा भाग पाडले की राशी मिळतात. पण वर्तुळाला आरंभ नसतो, तो कुठेतरी मानावा लागतो. एक पर्याय असा की वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तो बिंदू, हा शून्य मानायचा. ही सायन पद्धत. दुसरा पर्याय असा की ताऱ्यांच्या आधाराने एक स्थिर बिंदू धरायचा आणि तिथून मोजायचे. ही निरयन पद्धत. सायन मोजणीत सूर्य मकरेत जातो तेव्हाच उत्तरायण सुरू होते, कारण ती मोजणीच ऋतूंना बांधलेली आहे; मराठी पंचांगांत २१-२२ डिसेंबरला त्याची नोंदही असते. गड्डा यात्रेची संक्रांत निरयन आहे. दोन्ही शून्यबिंदू इसवी सन २८५ च्या सुमारास एकाच ठिकाणी होते, असे आज प्रचारात असलेले, चित्रा ताऱ्यावर आधारलेले चित्रापक्षाचे गणित सांगते. तेव्हापासून ते एकमेकांपासून दूर होत गेले आणि आज त्यांच्यात २४ अंश आणि वर सुमारे १२ कला इतके अंतर आहे. या अंतराला अयनांश म्हणतात. सूर्य जानेवारीत रोज एका अंशाहून किंचित जास्त चालतो. २४ अंश म्हणजे पावणेचोवीस दिवस, आणि २१ डिसेंबरपासून तेवढे दिवस मोजले की १४ जानेवारी येते. सावलीने जे सांगितले तेच अयनांशाने सांगितले.

बिंदू दूर का झाले याचे कारण पृथ्वीच्या आकारात आहे. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. तिथला तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त भरतो. सूर्य आणि चंद्र या फुगीर पट्ट्याला ओढून पृथ्वीचा कललेला अक्ष सरळ करू पाहतात. पण फिरणारी वस्तू अशा ओढीला सरळ होऊन उत्तर देत नाही. जमिनीवर फिरणारा भोवरा कलला की पडण्याऐवजी त्याचे वरचे टोक हळूहळू गोल फिरू लागते, तसाच पृथ्वीचा अक्ष आकाशात एक वर्तुळ काढतो, फक्त अतिशय संथपणे. एका फेऱ्याला जवळजवळ २५,८०० वर्षे लागतात. न्यूटनने १६८७ साली या हालचालीचे कारण पहिल्यांदा गुरुत्वाकर्षणाने समजावले. ती घडते हे मात्र ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच ओळखले होते. आजचा ध्रुवतारा ध्रुवापाशी दिसतो तोही याच चक्रातला एक मुक्काम आहे. बारा हजार वर्षांनी तिथे जवळपास अभिजित असेल. ऋतू ठरतात अक्षाच्या कलाच्या दिशेवरून. अक्षाची दिशाच वळत असल्यामुळे पृथ्वीने ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याभोवतीची एक फेरी पूर्ण करण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधीच ऋतूंचे वर्ष संपते. ताऱ्यांचे वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे आणि ऋतूंचे ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचे. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण ती साठत जातात आणि सत्तर-बहात्तर वर्षांत एक अख्खा दिवस होतो.

आपण रोज वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर ऋतूंच्या वर्षाला धरून आहे. म्हणून त्या कॅलेंडरावर ताऱ्यांची संक्रांत पुढे पुढे सरकताना दिसते. इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे, कारण ‘चौदा की पंधरा’ या वादात दोन निरनिराळ्या हालचाली एकमेकींत मिसळतात. पहिली आहे लीप वर्षाची ये-जा. २०२४ साली सूर्याचे मकर संक्रमण १५ जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास झाले, २०२५ साली १४ ला सकाळी नऊच्या सुमारास, २०२६ साली १४ लाच दुपारी तीनच्या सुमारास. २०२७ साली ते १४ ला रात्री नऊच्या पुढे जाईल आणि २०२८ साली पुन्हा १५ च्या पहाटे. दरवर्षी सहा तासांनी पुढे, आणि २९ फेब्रुवारी आली की एक दिवस मागे. सूर्यास्तानंतर संक्रमण झाले तर पुण्यकाळ सर्वसाधारणपणे दुसऱ्या दिवशी धरतात, म्हणून सध्या दोन वर्षे चौदा आणि दोन वर्षे पंधरा असा पाळणा झुलतो आहे. यात खगोलाचे रहस्य काही नाही. तारीख आपण पूर्ण दिवसांत मोजतो आणि वर्ष पूर्ण दिवसांचे नसते, एवढेच. दुसरी हालचाल खरी आहे. चार वर्षांनी पाळणा परत येतो तेव्हा तो नेमका जुन्या जागी येत नाही, छत्तीस-सदतीस मिनिटांनी पुढे येतो. यामागे अक्षाचा तो संथ फेरा आहे. त्यावर शतकांच्या वर्षांचा हिशेब चढतो: १८०० आणि १९०० ही लीप वर्षे नव्हती, तेव्हा संक्रांतीने एकेक उडी मारली, २००० हे लीप वर्ष होते, म्हणून तेव्हा ती मारली नाही.

ही हालचाल आकडेमोडीतली करामत नाही हे पाहायचे तर जुन्या तारखा पाहाव्यात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आज बारा तारखेला संक्रांत येऊ शकत नाही, तेव्हा येत होती. त्याहून आपल्या जवळचे उदाहरण पानिपताचे. तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, पौष शुद्ध अष्टमीला झाले, आणि चौदा जानेवारी म्हटल्यावर ते संक्रांतीच्या दिवशी झाले असे आपण सहज बोलून जातो. भाषणांत, लेखांत, शाळेच्या फळ्यावर हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. पण आजच्या संक्रमणाच्या वेळेवरून मागे मोजत गेले, प्रत्येक वर्षाला ताऱ्यांच्या वर्षाची लांबी दिली आणि मधली लीप वर्षे नीट वजा केली, तर १७६१ सालची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. म्हणजे भाऊसाहेबांच्या सैन्याची संक्रांत लढाईच्या चार दिवस आधीच, उपासमारीत, होऊन गेली होती. चौदा जानेवारी आणि संक्रांत यांचे नाते विसाव्या शतकाने घट्ट केले; तो अपघात आपण मागच्या सगळ्या इतिहासावर लादतो. सिद्धरामेश्वरांच्या काळापर्यंत मागे गेलो तर फरक आणखी ठळक होतो. आज उत्तरायणारंभ आणि संक्रांत यांच्यात जे चोवीस दिवसांचे अंतर आहे, ते बाराव्या शतकात जेमतेम निम्मे होते.

आता तिसरा आक्षेप, आणि तो खगोलप्रेमी तरुणांकडून हमखास येतो. संगणकावर किंवा फोनमध्ये आकाशाचा नकाशा उघडला तर १४ जानेवारीला सूर्य मकरेत नसतोच, तो धनू तारकासमूहात दिसतो. मग पंचांगाचे ताऱ्यांचे गणितही खोटे का? नाही. नकाशावरच्या सीमा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठरवल्या आणि त्या १९३० साली प्रसिद्ध झाल्या. आकाशाचे ८८ तुकडे पाडताना त्यांनी तारकासमूहांचे जुने आकार सांभाळले. ते तुकडे लहानमोठे आहेत, आणि क्रांतिवृत्त त्यांतल्या बारा नव्हे तेरा तुकड्यांतून जाते, कारण वृश्चिक आणि धनू यांच्यामध्ये भुजंगधारी डोकावतो. पंचांगाची रास म्हणजे समान तीस अंशांचा भाग. एक मोजपट्टी आहे, दुसरा जमिनीचा सातबारा. सातबाऱ्याप्रमाणे सूर्य मकरेच्या हद्दीत शिरतो तो १९-२० जानेवारीला. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत.

पण मोजपट्टीचे शून्य कुठे ठेवायचे यावर पंचांगकर्त्यांतही एकमत नाही, आणि मला वाटते, हा सगळ्या चर्चेतला सर्वांत बोलका पुरावा आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली आधुनिक वेधांशी जुळणारे जे पंचांग सुरू केले, ते पटवर्धनी पंचांग, त्यात रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभस्थानी धरला होता. टिळक हे छत्र्यांचे विद्यार्थी. पुढे टिळक पंचांगाने तीच रेवतीची बाजू घेतली. उलट व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर यावा असा आरंभबिंदू घेण्याचा जोरदार पुरस्कार केला, आणि देशभर बहुतेक पंचांगांनी तोच मार्ग धरला. दाते पंचांगाची संक्रांत याच चित्रापक्षाची. या दोन शून्यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणून टिळक पंचांगाप्रमाणे मकर संक्रांत चौदाला नव्हे, दहा जानेवारीच्या आसपास येते. एकच सूर्य, एकच आकाश, दोन्हीकडे गणित वेधाला उतरणारे, तरी तारखा चार दिवसांनी वेगळ्या. संक्रांत ही निसर्गात घडणारी, काठीने मोजता येणारी घटना असती, तर असा फरक टिकला नसता. आठवड्याभरात कोणीतरी सावली मोजून वाद मिटवला असता. उत्तरायणारंभाबद्दल दोन पंचांगांत असा वाद होत नाही. वाद फक्त संक्रांतीबद्दल होतो, कारण तिचा आरंभबिंदू माणसांनी निवडलेला आहे.

हे मान्य केले की परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याला टोचते: म्हणजे पूर्वजांना अयन कधी होते हेही कळत नव्हते का? पुरावा नेमका उलटा आहे. वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीला सांगितला आहे. धनिष्ठारंभ हा मकरारंभापासून तेवीस अंशांहून थोडा पुढे. बहात्तर वर्षांना एक अंश या हिशेबाने ती स्थिती इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराची ठरते. वराहमिहिर स्पष्ट लिहितो की जुन्या शास्त्रांत अयन धनिष्ठेच्या आरंभी सांगितले असले तरी आपल्या काळी ते मकरेच्या आरंभी होते. त्याने जुन्या ग्रंथाला मान दिला आणि आपल्या काळचे वेगळे सत्यही नोंदवले. बदल का होतो हे त्याला ठाऊक नव्हते, पण बदल झाला आहे हे त्याने लपवले नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात अशा उल्लेखांची जी छाननी केली ती आजही वाचण्यासारखी आहे. ‘मकर संक्रांत म्हणजे उत्तरायण’ हे समीकरण वराहमिहिराच्या काळी दोन-चार दिवसांच्या फरकाने खरे होते. पुढे लोकांनी समीकरण पाठ केले आणि सावली मोजणे सोडले.

सूर्यसिद्धान्ताने या सरकण्याचे एक वेगळेच स्पष्टीकरण दिले होते, आणि त्यावर आधारलेला युक्तिवाद अजूनही ऐकू येतो: बिंदू एकाच दिशेने जात नाहीत, ते सत्तावीस अंशांपर्यंत जातात आणि परत फिरतात, तेव्हा आज पडलेले अंतर उद्या आपोआप भरून येईल. त्या ग्रंथाच्या हिशेबाने हे परतणे इसवी सन २३०० च्या आसपास सुरू व्हायला हवे. कल्पना सुंदर आहे, पण ती टिकत नाही. सूर्य-चंद्राची ओढ आणि पृथ्वीचा फुगवटा यांत अशी कोणतीही गोष्ट नाही जी अक्षाला सत्तावीस अंशांवर थांबवून उलटे फिरवील. शिवाय वेदांग ज्योतिषापासून आजपर्यंतची सरक जोडली तर ती एकाच दिशेने सत्तेचाळीस अंशांच्या घरात जाते, आणि मुंजालासारख्या आपल्याच गणित्याने अयन पूर्ण फेरा मारते असे मानून त्याची गती दिलेली होती. भास्कराचार्यांनी त्याचा उल्लेखही केला आहे.

मग दुरुस्ती करून संक्रांत २१-२२ डिसेंबरला आणावी का? हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि खुद्द दीक्षित यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला होता. सण ऋतूंना धरून असावेत, असे त्यांचे म्हणणे. तर्क त्यांच्या बाजूने होता, लोक नव्हते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने मधला मार्ग काढला. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले भारतीय राष्ट्रीय कॅलेंडर ऋतूंना बांधलेले आहे. त्यात १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, अयनाच्या अगदी शेजारी. आणि चौदा जानेवारी म्हणजे २४ पौष, अयनांशाचा हिशेब जणू तारखेतच छापलेला. धार्मिक पंचांगासाठी मात्र निरयन मोजणी ठेवली गेली. आकाशवाणीवर राष्ट्रीय कॅलेंडरची तारीख सांगितली जाते आणि सरकारी कागदांवर छापली जाते. घरात तिला कोणी विचारत नाही. माझ्या मते सण हलवण्याची निकड नाही. यात्रेची तारीख ठरवणारा बिंदू माणसांनी निवडला म्हणून यात्रेचे काही उणे होत नाही. चित्रा ताऱ्याशी बांधलेला दिवस पाळणे ही निवड आहे आणि ती उघडपणे करता येते. चूक तेव्हा होते जेव्हा आपण त्या दिवसाला न घडणारी घटना चिकटवतो आणि शाळेतल्या मुलाला संक्रांतीपासून सूर्य उत्तरेकडे वळतो असे शिकवतो, तेही त्याच पंचांगात तीन आठवड्यांपूर्वी उत्तरायणाची नोंद छापलेली असताना.

निवड उघडपणे केली की तिचे परिणामही स्वीकारावे लागतात. २१०० हे लीप वर्ष नसेल, म्हणून त्यानंतर संक्रांत एका उडीने पंधरा-सोळा जानेवारीवर जाईल. बहात्तर वर्षांना एक दिवस हा क्रम चालू राहिला तर ३२५० च्या आसपास ती फेब्रुवारीत शिरेल. तिळगुळाचे थंडीशी असलेले नाते तेव्हा सोलापुरात विरळ झालेले असेल. आजच फेब्रुवारीच्या मध्यावर इथली दुपार उन्हाळी वाटू लागते. अक्षाचा अर्धा फेरा होईल तेव्हा, म्हणजे आजपासून बारा-तेरा हजार वर्षांनी, सूर्य निरयन मकरेत जुलैच्या मध्यावर जाईल, आणि दक्षिणायन सुरू होऊन तीन आठवडे झालेले असतील. तोवर कोणते कॅलेंडर चालू असेल हे सांगता येत नाही, पण मीटरभर काठी तेव्हाही डिसेंबरच्या अयनाला सोलापुरात ८७ सेंटिमीटरच्या आसपासच सावली पाडेल. अक्षाचा कल या काळात एखाद्या अंशाने बदलतो, त्यामुळे फरक पडला तर दोन-तीन सेंटिमीटरचा.